लेन्सच्या पाटीचा पोळा

पाच इंच लांब, पाच इंच रुंद लाकडाचा एक तुकडा आणि त्याच्या मधोमध एक गोल भोक. एवढी वस्तू करायला मला चौऱ्याऐंशी सालचा अख्खा श्रावण लागला. तेव्हा मी बी.एस्सी. होतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे घरी सगळ्यांचा असा समज होता की मला सगळं येतं. माझाही थोडाफार तसाच समज होता. तो त्या श्रावणात गेला.

डिग्री मिळून वर्ष झालं होतं. नोकरीचा पत्ता नव्हता, म्हणून मी पांढुर्ण्याला एका फोटो स्टुडिओत कामाला लागलो होतो. स्टुडिओच्या मालकांना आम्ही दादा म्हणत असू. त्यांच्याकडे त्यांच्या वडिलांच्या वेळचा एक मोठा लाकडी कॅमेरा होता. तो तिपाईवर उभा राहायचा. लोहाराच्या भात्यासारखा चामड्याचा भाता, मागे घासलेली काच, आणि काच बघायला डोक्यावर काळं कापड. भात्याच्या पुढच्या तोंडाशी एक चौकोनी लाकडी पाटी बसायची आणि लेन्स त्या पाटीत असायची. लेन्स बदलायची तर पाटीसकट बदलायची, म्हणजे प्रत्येक लेन्सला आपली आपली पाटी हवी. दादांच्या कपाटात एक दुसरी, ठेंगणी पितळी लेन्सही होती. नागपूरच्या जुन्या बाजारातून त्यांनी कधीतरी आणलेली. ती नेहमीच्या लेन्सपेक्षा खूप रुंद बघायची. पण तिला पाटी नव्हती, म्हणून बारा वर्षं ती पावतीपुस्तकावर वजन म्हणून बसली होती.

मला ती लेन्स हवी होती ती मोठ्या गुरुजींसाठी.

मोठे गुरुजी म्हणजे सौंसरच्या आमच्या शाळेचे मुख्याध्यापक. आमचं गाव रामाकोन्याच्या अलीकडे. तिथून मी छोट्या लाईनच्या गाडीनं शाळेत जायचो, गाडी चुकली तर पायी. कॉलेजचा फॉर्म माझ्यासाठी गुरुजींनीच आणला, त्यांनीच भरला, आणि बाबांची सही घ्यायला ते स्वतः आमच्या गावात आले. बाबांना सही येत नव्हती. गुरुजींनी अंगठा घेतला आणि पुढच्या फॉर्मवर सही पाहिजे असं बजावून गेले. पुढच्या फॉर्मवर बाबांनी सही केली. वाकडी होती, पण होती. मी जो काही झालो तो त्या दोन कागदांमुळे झालो, हे मला तेव्हाही कळत होतं.

आम्ही सातवीत असताना शाळेचा फोटो काढायला बाहेरगावचा एक फोटोग्राफर आला होता. शाळेचं अंगण अरुंद. एका बाजूला वर्ग, दुसऱ्या बाजूला कंपाउंडची भिंत आणि भिंतीपलीकडे नाला. कॅमेरा भिंतीला टेकला तरी सगळी पोरं मावेनात. फोटोग्राफरनं दोन्ही टोकांची दहा-दहा पोरं बाजूला व्हायला सांगितलं. त्यात मी होतो. आम्ही कडुनिंबाखाली जाऊन उभे राहिलो. तेव्हा मोठे गुरुजी मधल्या खुर्चीवरून उठले आणि आमच्याजवळ येऊन उभे राहिले. फोटो त्यांच्याशिवाय निघाला. त्यानंतरही शाळेचे फोटो निघाले, पण ज्यात सगळी पोरं मावत नाहीत त्या फोटोत बसायचं नाही, असा त्यांनी नेमच धरला. आणि सगळी पोरं कधीच मावली नाहीत. इतकी वर्षं नोकरी झाली, शाळेत त्यांचा एकही फोटो नव्हता. त्या ऑगस्टअखेर ते रिटायर होणार होते आणि वर्धेकडे आपल्या गावी कायमचे जाणार होते.

मी दादांना सांगितलं की ठेंगणी लेन्स लावली तर त्याच अंगणात, त्याच भिंतीला पाठ लावून सगळी शाळा मावेल. दादांनी डोळे मिटून ऐकलं. मग त्यांनी सुचवलं की अर्धी शाळा एका फोटोत घ्यावी, अर्धी दुसऱ्या फोटोत, आणि गुरुजींना दोन्हींत बसवावं. हे गुरुजींना कसं चालणार नाही ते मी समजावलं. मग ते म्हणाले, मैदानात काढा. मैदान म्हणजे श्रावणातली काळी माती. तिच्यात बाक उभा केला तर पोरांसकट खाली जातो. शेवटी त्यांनी परवानगी दिली, पण एका अटीवर: कॅमेऱ्याला खिळा लावायचा नाही, स्क्रू लावायचा नाही, रंधा लावायचा नाही. जे करायचं ते पाटीला कर. आणि ते स्वतः काहीही करणार नव्हते.

पहिली पाटी मी संत्र्याच्या पेटीच्या फळ्यांची केली. आमच्या भागात फुकट मिळणारं लाकूड तेच. गेल्या बहाराची एक पेटी घरी पडली होती, सालईच्या लाकडाची, हलकी आणि कापायला मऊ. फळी अरुंद म्हणून दोन जोडल्या, सरस लावला, परकारानं गोल काढला आणि तापवलेल्या सळईनं काठाकाठानं भोकं पाडत आतला गोळा काढून टाकला. कानशीनं घासून भोक गुळगुळीत केलं. लेन्सची पितळी कडी पाटीवर तीन स्क्रूंनी बसते. पहिला स्क्रू बसला. दुसरा बसला. तिसऱ्याला पाटी उभी चिरली, आणि जिथे मी सरस लावला होता तिथे नाही, भलतीकडेच. दादा काउंटरवरून बघत होते. म्हणाले, "सालई संत्र्यापुरतीच असते गा."

दुसरी पाटी चहाच्या खोक्याच्या प्लायवूडची. ती चिरली नाही. मी खुशीत लेन्स बसवली, कॅमेऱ्याला लावली आणि रस्त्यापलीकडच्या दुकानाचा एक फोटो काढून पाहिला. फिल्म धुतली तर सगळ्या दुकानावर धुकं. काळं कापड डोक्यावर घेऊन मी भात्याच्या आत डोकावलो, तेव्हा पाटीत तीन चांदण्या दिसल्या. खोक्याचे जुने खिळे जिथे होते तिथली भोकं मी बुजवलीच नव्हती. ती मेणानं बुजवली. तोवर चार दिवस पाऊस लागला, प्लायवूडचे पदर सुटले आणि पाटी पुरीसारखी फुगली. मी ती उचलून दादांसमोर ठेवली. त्यांनी ती पावतीपुस्तकावर ठेवली. लेन्सची जागा आता तिनं घेतली.

आता सागवानच पाहिजे आणि सुतारच पाहिजे, हे मी कबूल केलं. सौंसरला एक म्हातारे सुतारबाबा होते. त्यांचं काम तालुक्यात नावाजलेलं. सुट्टी काढून त्यांच्याकडे गेलो तर दुकानात पाय ठेवायला जागा नाही. पोळा वीस दिवसांवर आला होता आणि सगळीकडे लाकडी बैल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान पोरांचा तान्हा पोळा असतो. घरोघरची पोरं चाकांचे लाकडी बैल सजवून ओढत नेतात. त्यामुळे श्रावणात आमच्या भागातला सुतार दुसरं काही करतच नाही. बिनशिंगाचे, बिनचाकाचे, बिनडोळ्यांचे पन्नासेक बैल माझ्याकडे तोंड करून उभे होते.

मी त्यांना कागद दिला. त्यावर मी शास्त्रशुद्ध आकृती काढली होती, सगळी मापं मिलिमीटरमध्ये. सुतारबाबांनी कागद लांब धरला, जवळ धरला आणि परत दिला.

"बाबू, हे काय लिहून राहिला तू? सुतात सांग."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मी तिथेच बसून मिलिमीटरचे सूत केले. त्यांनी ते ऐकून घेतले आणि म्हणाले की ऐकीव मापावर ते पाट पण करत नाहीत, नमुना आणून दाखव. म्हणजे कॅमेऱ्याची जुनी पाटी. ती पांढुर्ण्याला, दादांच्या चालू लेन्सला लागलेली. ती सोडवायची म्हणजे स्टुडिओचं काम बंद. दादांनी दोन दिवसांच्या बोलीवर ती दिली, आणि दिली तेव्हा तोंड असं केलं की मी त्यांची किडनी घेऊन चाललोय. सुतारबाबांनी नमुना पाहिला, बोटानं चारी काठ चाचपले, आणि पोळा झाल्यावर ये म्हणाले.

तेव्हा मला सांगावं लागलं की हे मोठ्या गुरुजींसाठी आहे. त्यांनी रंधा थांबवला. मग म्हणाले की गुरुजींनी त्यांच्या दोन नाती शिकवल्या, आणि नमुन्याचं माप एका फळकुटावर उतरवून घेतलं. आठ दिवसांनी बोलावलं. आठ दिवसांनी गेलो, पाटी नव्हती. त्या दिवशी त्यांनी मला बसवून घेतलं आणि हातात ब्रश दिला. पाटी लवकर पाहिजे असेल तर बैलांचे डोळे रंगव, म्हणजे त्यांचा वेळ वाचेल. मी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घेऊन पदवीधर झालेला माणूस दुपारभर लाकडी बैलांचे डोळे रंगवत बसलो. मधेमधे ते येऊन पाहायचे आणि एखादा बैल परत द्यायचे, याचा डावा डोळा घाबरलेला वाटतो म्हणून.

पोळ्याच्या दोन दिवस आधी पाटी मिळाली. काम असं की बोलायला जागा नाही. चारी काठांना उजेड अडवणारी पायरी बरोबर नमुन्यासारखी, भोक असं की पितळी कडी त्यात चपखल बसली, आणि स्क्रूंची भोकं आधीच बारीक गिरमिटानं पाडलेली. फक्त त्यांनी पाटीला दोन्ही बाजूंनी लाखेचं पॉलिश मारलं होतं. तीन हात. पाटीत माझं तोंड दिसत होतं.

कॅमेऱ्याच्या आत काही चमकलं की उजेड इकडून तिकडे उड्या मारतो आणि फोटो फिका पडतो. आतली बाजू काळी पाहिजे, आणि तीही चमक नसलेली काळी. मी हे जितक्या नम्रपणे सांगता येईल तितक्या नम्रपणे सांगितलं.

"सागवानाले काळा रंग?" सुतारबाबा म्हणाले. "उद्या नवरीच्या तोंडाले डांबर लावशील."

मी पाया पडलो आणि पाटी घेऊन निघालो. आतली बाजू घरीच घासून काळी करायची, असं ठरवलं. काळं कसं करायचं ते मला येत होतं, कारण ते गुरुजींनीच शिकवलं होतं. दर जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी ते शाळेचे सगळे फळे स्वतः काळे करत. टॉर्चचे मेलेले सेल फोडायचे, आतली काळी पूड काढायची, माक्याच्या पाल्याच्या रसात ती घोटायची आणि चिंध्यांनी फळ्यावर चढवायची. सेल फोडायचं काम तीन वर्षं माझ्याकडे होतं. ते काळं वाळलं की अजिबात चमकत नसे. कुठल्याही बाकावरून फळ्यावरचं अक्षर दिसायचं. मागच्या कोपऱ्यातल्यालाही दिसलं पाहिजे, असं ते म्हणत आणि पोरं पाठवून खात्री करून घेत.

दादांशी माझं ठरलं होतं. पोळा रविवारी, सोमवारी पांढुर्ण्यात गोटमार. त्या दिवशी पांढुर्णा आणि नदीपलीकडचं सावरगाव यांच्यात दगड चालतात, दुकानं बंद, बसमध्ये शिरायची सोय नाही. म्हणून मंगळवारी सकाळी दादा स्वतः कॅमेरा घेऊन पहिल्या बसनं सौंसरला येणार, मी गावाहून पाटी आणि लेन्स घेऊन येणार, आणि शाळेत फोटो. पाटी कॅमेऱ्यात बसते का हे तिथेच कळणार होतं. हे मला आवडलं नव्हतं, पण माझ्या आवडीनिवडीचा तो महिना नव्हता.

शनिवारी घरी पोचलो. दुपारभर पॉलिशपेपरनं आतली बाजू घासली. तीन हात पॉलिश उतरवायला तीन तास लागले. शेवटी कोरं, कोरडं लाकूड हाताला लागलं. पाटी ओसरीवर वाऱ्याला ठेवली, सेल फोडून पूड काढून ठेवली आणि माका आणायला नाल्याकडे गेलो. नाल्यावर एक जुना वर्गमित्र भेटला. त्यानं नोकरीचं विचारलं आणि मी ते टाळायला बराच वेळ बोलत बसलो.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदमळणी असते. वर्षभर जू ओढून बैलांचे खांदे सुजतात, म्हणून त्या संध्याकाळी तूप-हळदीनं ते चोळून शेकतात आणि उद्याच्या जेवणाचं आवतण बैलांच्या कानात देतात. मी माका घेऊन परत आलो तेव्हा बाबांचे बैल झाले होते. बैलांनंतर ते जुवाला तूप-हळद लावायचे, मग वखराला, मग नांगराच्या रुमण्याला, म्हणजे मुठीच्या दांड्याला. सगळं ओसरीवर भिंतीशी ओळीनं मांडलेलं, पिवळं, तेलकट, चकचकीत. रुमण्याच्या शेजारी माझी पाटी उभी होती. तीही पिवळी. बाबांनी कोरडं लाकूड पाहून चांगलं दोनदा जिरवलं होतं, आणि मधल्या भोकाच्या वर कुंकवाचं बोट लावलं होतं.

मी जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. महिनाभराचं सगळं त्यात होतं, सालई, प्लायवूड, पन्नास बैलांचे शंभर डोळे. ही काही पूजा करायची वस्तू नाही, हे कॅमेऱ्याचं आहे, ज्यातलं कळत नाही त्याला हात कशाला लावायचा, असंही बोललो. बाबा वाटी हातात घेऊन तसेच उकिडवे बसले होते.

"तुह्या कामाचं औजार नाही का ते?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, आहे.

"मंग."

एवढंच. त्यांनी वाटीतलं उरलेलं तूप बोटानं पुसून घेतलं आणि गोठ्यात गेले. बी.एस्सी. म्हणजे काय, मी पांढुर्ण्यात नेमकं काय करतो, हे त्यांनी मला कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी मला कळलं की त्यांनी ते आपल्या पद्धतीनं समजून घेतलं होतं. कळलं, पण पाटी पिवळीच होती.

रविवारी पोळा. घरी पुरणाचा वास, दारात तोरण, आणि मी परसात सोड्यानं पाटी धूत बसलेलो. वरचं तूप गेलं. आत जिरलेलं कुठे जाणार. सेलची पूड माक्याच्या रसात घोटून लावली, तर ती अळवावरच्या पाण्यासारखी गोळा होऊन घरंगळली. राख चोळून पुन्हा लावली. पुन्हा घरंगळली. दुसरी पाटी करावी तर अमावास्येला सुतार हत्याराला हात लावत नाही, आणि लावला असता तरी सुतारबाबांपुढे उभं राहायचं धाडस माझ्यात नव्हतं. सोमवारी दुपारपर्यंत माझे दोन्ही हात, एक सदरा आणि ओसरीचा एक खांब काळा झाला होता. फक्त पाटी झाली नव्हती.

माय दळण निवडत माझ्याकडे बघत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"काजळ कशात धरते रे?"

मी म्हटलं, काय?

"पोराच्या डोयात घालतो ते काजळ. पाण्यात धरते का? तुपातच धरते ना. मंग तू कायले पाणी लावून राहिला?"

काजळीला तूप धरतं, पाणी नाही. कार्बन आणि चरबी. हे मी तीन वर्षं शिकलो होतो, प्रात्यक्षिकाच्या वहीत आकृतीसह लिहिलं होतं आणि त्यावर सही घेतली होती.

मायनं चुलीशेजारच्या अंधाऱ्या कोपऱ्यात एरंडेलाचा दिवा लावला आणि दोन विटांवर पितळी ताट पालथं घातलं. आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांतलं काजळ तिनं असंच धरलं होतं. काजळी जमली की ती चमच्यानं खरवडून द्यायची. बाबा न सांगता येऊन बसले आणि अंगठ्यानं ती पाटीत चोळू लागले. जिथे त्यांनी तूप जिरवलं होतं तिथे ती बसली ती बसलीच. मला त्यांनी करू दिलं नाही. माझा हात जड आहे म्हणाले. शेवटी नुसती कोरडी काजळी वर भुरभुरायची एवढं मात्र मी सांगितलं, चमक जावी म्हणून, आणि माझं ते एक सांगणं त्यांनी ऐकलं. दोन तासांत पाटी अशी काळी झाली की आत बघितलं तर लाकूड आहे की विहीर ते कळेना. कुंकवाचं बोट बाबांनी वाचवलं होतं. ते बाहेरच्या बाजूला होतं, म्हणून मीही काही म्हटलं नाही.

मंगळवारी सकाळी आभाळ भरलेलं होतं, पण पाऊस नव्हता. दादा आले. त्यांनी भिंतीला टेकवून तिपाई उभी केली, भाता उघडला आणि हात मागे बांधून उभे राहिले. शाळेची पोरं बाकांवर, खुर्च्यांवर, सतरंजीवर रचली जात होती. मोठे गुरुजी दारात उभे होते. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की आज सगळे मावणार आहेत, आणि ते दिसल्याशिवाय बसायला ते तयार नव्हते.

पाटी खाचेत लावली. काठ अडकला. पावसानं कॅमेऱ्याचं लाकूड फुगलं होतं. "ठोकायचं नाही," दादा मागून म्हणाले. मी अंगठे लावून दाबलं आणि पाटी एकदम सरकत जाऊन बसली. ती का सरकली ते मला माहीत होतं. काठही बाबांनी तुपाशिवाय सोडले नव्हते. दादांना मी ते सांगितलं नाही.

काळं कापड डोक्यावर घेतलं. घासलेल्या काचेवर सगळं उलटं दिसतं, खाली आभाळ आणि वर जमीन. मी डावीकडून मोजत गेलो. पहिलीची पोरं, मग दुसरीची, शिक्षक, खुर्च्या, शिपाईमामा, शेवटी उजव्या टोकाला सातवीचा एक लांबडा मुलगा, आणि त्याच्यापलीकडे कडुनिंबाचा बुंधा. बुंधाही मावला होता. मी बाहेर येऊन गुरुजींना बोलावलं. त्यांनी टोपी काढून दादांच्या हातात दिली आणि कापडाखाली शिरले. बराच वेळ आत होते. बाहेर आले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं की टोकाच्या मुलाचं तोंड इतकं अंधारात का आहे. मी म्हटलं, तिथे निंबाची सावली आहे. ते गेले, त्या मुलाला दंडाला धरून दोन पावलं पुढे आणलं आणि मग आपल्या खुर्चीवर जाऊन बसले.

आमच्याकडे दोन फिल्म होत्या. त्या लेन्सला शटर नाही. लेन्सची टोपी काढायची, तीन मोजायचे, टोपी लावायची. तोवर दोनशे पोरांनी हलायचं नाही. पहिल्या फिल्मला मी पुढे होऊन टोपी काढली आणि पुढची रांग हसायला लागली. पाटी बसवताना बोटांना लागलेली काजळी कापडात शिरताना माझ्या नाकाला लागली होती. दोनपर्यंत मोजून मी टोपी लावली. फिल्म वाया. गुरुजी खुर्चीतून न उठता, मान न वळवता म्हणाले, "श्वास धरा." दोनशे पोरांनी श्वास धरला. मी तीन मोजले. नाकाला हात लावला नाही.

फोटो आला. सगळे होते. महिनाअखेरीच्या दिवशी मी तो गुरुजींच्या खोलीवर घेऊन गेलो. सामान बांधून झालं होतं. त्यांनी फोटो खिडकीशी नेला आणि पेपर तपासतात तसा तपासला, बोट ठेवत, ओळीनं. तिसऱ्या रांगेतला एक मुलगा हलला आहे, असं त्यांनी सांगितलं. एका शिक्षकाचं बटण उघडं आहे. मग त्यांनी विचारलं की तू कॅमेऱ्याला बसवलीस ती फळी आतून इतकी काळी कुणी केली.

मी सगळं सांगितलं. खांदमळणीचंही सांगितलं, आणि बाबांना काय बोललो तेही.

गुरुजींनी फोटो बांधलेल्या सामानावर ठेवला. "चांगली काळी केली," ते म्हणाले. "त्यांना सांग."

दर जूनला मी त्यांच्यासाठी सेल फोडत होतो, पण त्यांनी माझ्या काळ्याला कधी चांगलं म्हटलं नव्हतं. संध्याकाळच्या गाडीनं गावी गेलो. बाबा गोठ्यात वैरण टाकत होते. गुरुजींनी काय सांगितलं ते मी त्यांना शब्दाला शब्द सांगितलं. त्यांनी पेंढी सोडली, बैलापुढे टाकली, हात झटकले.

"तूप घरचं होतं ना," ते म्हणाले.